३१ फुटी मोटरबोटीवर झोपायला अजून दोन जागा कुठून काढायच्या?

मांडवीकाठ | ९ ऑक्टोबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मागच्या सीझनला एक जुनी मोटरबोट घेतली. ३१ फुटी, फायबरची, साडेदहा फूट रुंद, एकच डिझेल इंजिन आणि तेही कॉकपिटच्या (मागच्या उघड्या भागाच्या) फळ्यांखाली. पावसाळाभर वर काढून ताडपत्रीखाली होती, आता परत पाण्यात उतरवायची गडबड चाललीय. आत नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, दोघांपुरती त्रिकोणी झोपायची जागा आहे. मग सलूनमध्ये (आतल्या बैठकीच्या जागेत) समोरासमोर दोन बाकडी, मधे टेबल, आणि टेबल खाली बसवलं की तिथे बिछाना होतो पण तो ५ फूट ८ इंच आणि मी ५ फूट १०, म्हणजे रात्रभर पाय मुडपून. कागदावर ४ जणांची सोय, खरं म्हणजे साडेतीन.

आता घरी आम्ही दोघं, दोन पोरं (९ आणि १२) आणि आई-बाबा. बाबांना नार्व्याला सप्तकोटेश्वराला बोटीनेच जायचंय, रात्री दिवाडी बेटाच्या आसपास नांगर टाकून राहायचं आणि सकाळी आंघोळ करून दर्शन, हे त्यांनी बोट बघितली त्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं.

माझा विचार असा की इंजिनच्या उजव्या बाजूला कॉकपिटखाली साडेसहा फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद असा बोगदा रिकामा पडलाय, आत्ता तिथे जुने दोर आणि फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावतात ते) कोंबलेत. परदेशी बोटींच्या फोटोत तिथे बर्थ, म्हणजे झोपायची जागा, असतो, क्वार्टर बर्थ म्हणतात म्हणे. सलून आणि इंजिन यांच्या मधली प्लायची भिंत कापून माणूस आत शिरेल एवढं भोक पाडलं की काम झालं असं वाटतंय. सुताराने १८ एमएम प्लाय सांगितलाय. करू का?

अर्धा_खलाशी | ९ ऑक्टोबर, रात्री ११.०२

बाबांना डिचोलीत लॉजची खोली घेऊन द्या. प्लायपेक्षा स्वस्त.

बिल्जपंप | १० ऑक्टोबर, सकाळी ९.१५

ती भिंत कापू नका. बाकी संध्याकाळी लिहितो, ऑफिसात आहे. पण करवत लावू नका तोपर्यंत.

सुताराचा_पोर | १० ऑक्टोबर, दुपारी १.३०

आमच्या घरात तीन पिढ्या होड्या बांधण्यात गेल्या, मी स्वतः आता फर्निचरच करतो पण वडिलांचं ऐकून ऐकून थोडं डोक्यात बसलंय ते सांगतो.

ती भिंत नुसता आडोसा नसते. फायबरची बोट म्हणजे अंड्याचं टरफल, त्याला आकारात धरून ठेवतात त्या या आडव्या भिंती. त्यातून इंजिनचा आवाज, धूर आणि आग अडवायला पण तीच एक आहे. तिला भोक पाडायचंच असेल तर कडेने जाड चौकट, वर फायबरचे थर, दाराला रबरी गॅस्केट, एवढं सगळं करायला लागेल आणि ते तुमच्या सुताराने १८ एमएम प्लायवर उरकण्यातलं काम नाही.

दुसरं, प्लाय. ८ बाय ४ चा १८ एमएमचा मरीन प्लाय ३५ किलोच्या वर जातो, १२ एमएमचा पंचविसेक. खाली आडव्या पट्ट्यांचा आधार नीट असेल तर झोपायला १२ भरपूर. शिक्का आयएस ७१० चा बघा, ३०३ म्हणजे घरातल्या किचनचा, तो बोटीत नको. आणि कापलेल्या कडा, भोकं, सगळ्याला एपॉक्सीचे दोन हात, नाहीतर कडेने पाणी पिऊन दोन पावसाळ्यात पुस्तकासारखी पानं सुटतात.

आणि मेहेरबानी करून हलच्या (बोटीच्या बाहेरच्या कवचाच्या) भिंतीला आतून स्क्रू मारू देऊ नका कोणाला. लाकडी पट्टी एपॉक्सीने चिकटवायची, वरून फायबरची टेप, मग त्या पट्टीवर बर्थ. प्लायची कड पण हलला थेट टेकवायची नाही, मधे फोमची पट्टी, नाहीतर लाटेवर बोट आपटते तेव्हा नेमकं त्याच रेघेवर हल चेपतो आणि बाहेरून जेलकोटला (वरच्या गुळगुळीत थराला) तडा दिसतो. माझ्या वडलांनी एकाची असली बोट दुरुस्त केली होती, बाहेरून बघितलं तर आत बर्थ कुठे आहे त्याचा नकाशाच उमटला होता.

बिल्जपंप | १० ऑक्टोबर, संध्या. ७.५०

हां, आता सविस्तर.

सुताराच्या पोराने भिंतीचं सांगितलंच. मी उष्णतेचं सांगतो. तुम्ही जे फोटो बघितलेत ते थंड देशातले आहेत, तिथे इंजिनच्या शेजारी झोपणं म्हणजे शेगडीजवळ झोपणं, सुख. आपल्याकडे डिझेल इंजिन ८० डिग्रीच्या पुढे तापून चालतं, तुम्ही संध्याकाळी नांगर टाकून ते बंद केलंत की त्याला गार करणारं नदीचं पाणी पण फिरायचं थांबतं, आणि मग ते दोन-तीनशे किलो तापलेलं लोखंड मध्यरात्रीपर्यंत हळूहळू त्या खोपट्यात गरमी सोडत बसतं. मी एकदा असल्या बोगद्यात झोपलोय, कारवारच्या वाटेवर, मित्राच्या बोटीवर. साडेबारापर्यंत कशीबशी तग धरली, मग चादर घेऊन कॉकपिटात आलो तर तिथे मित्राचा मेव्हणा आधीच येऊन झोपला होता, तो दुसऱ्या बाजूच्या बोगद्यातून पळालेला.

तिसरा मुद्दा, आणि यावर थट्टा नको, बाहेर पडायची वाट. इंजिनलाच आग लागली तर त्या बोगद्यातला माणूस बाहेर कुठून येणार? आगीच्या बाजूनेच. कोणी झोपणार असेल त्या जागेला दुसरी वाट पाहिजे, खांदे निघतील एवढी, म्हणजे गोल हॅच (वर उघडणारं झाकण) असेल तर आतलं माप निदान ४५० एमएम. तुमच्या आईंना तिथून वर ओढून काढता येईल का, हे आधी घरी टेबलाखाली करून बघा.

मांडवीकाठ | १० ऑक्टोबर, रात्री ९.२०

आई हा धागा वाचतेय. ती म्हणते टेबलाखाली कोणालाही घालायचं नाहीये.

बरं, बोगदा रद्द. दोर-फेंडर तिथेच सुखाने राहोत. मग कुठे?

सत्तरीची_सून | ११ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

आमच्याकडे नवऱ्याची २८ फुटी आहे, आणि झोपायची जागा वाढवायचं खूळ आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी येऊन गेलं, म्हणून लिहिते.

आधी टेबलाच्या बिछान्याची लांबी वाढवा, त्याला काही लागत नाही. बाकड्याच्या पायथ्याला बहुतेक स्वयंपाकाच्या ओट्याचं कपाट असतं. आमच्याकडे त्या कपाटाच्या बाजूच्या फळीला १४ इंच रुंद आणि १२ इंच उंच भोक पाडलं, पाय घोट्यापासून आत जातात, झाला बिछाना सव्वासहा फुटाचा. कपाटातली दोन पातेली गेली, बाकी काही नाही. फक्त ते कपाट गॅसच्या नळीचं नाही ना हे बघून घ्या, आणि भोकाच्या कडा घासून गोल करा, माझ्या नवऱ्याच्या नडगीवर अजून खूण आहे.

टेबलाचा पाय मात्र तपासा हो. आमचा एकच मधला नळीचा पाय होता, टेबल खाली घेतलं की सगळा भार त्याच्यावर. रात्री दोन वाजता बार्जची लाट आली, पाय सरकला आणि सासूबाई गादीसकट खाली. लागलं नाही काही, पण त्यानंतर त्या बोटीवर आल्या की आधी टेबल हलवून बघतात मग बसतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाकड्यांवर लाकडी पट्टी मारून घ्या म्हणजे टेबल पायावर नाही, पट्टीवर बसतं.

आता गादी. मी पाच इंची घट्ट फोम घेतला, वर छान जाड रेक्झिन, पुसायला सोपं म्हणून. एका सीझनमध्ये उचलून बघते तर खाली काळी बुरशी, प्लायवर गादीचा नकाशा. माणसाच्या अंगाची वाफ गादीतून खाली जाते आणि प्लायवर गार होऊन बसते, हवेलाच जागा नाही. मग प्लाय काढून टाकून तीन इंची सागवानी पट्ट्या टाकल्या, मधे दीड इंच फट. गादीला खालून जाळीचं कापड, वरून कॉटन. रेक्झिनवर एप्रिलमध्ये झोपून बघा एकदा, सकाळी गादी अंगाला चिकटून वर येते.

अर्धा_खलाशी | ११ ऑक्टोबर, दुपारी १२.०५

पातेली गेली म्हणजे आमटी गेली. विचार करून भोक पाडा.

झुआरी७२ | ११ ऑक्टोबर, रात्री ८.३५

सरळ छपरावर तंबू टाका की राव. गाडीवर टाकतात तसा. वरती दोघं आरामात.

बिल्जपंप | ११ ऑक्टोबर, रात्री ८.५२

@झुआरी७२, गाडी डुलत नाही. ३१ फुटी बोटीच्या छपरावर दीडशे किलो माणसं आणि वर तंबू म्हणजे वजन नेमकं जिथे नको तिथे. मांडवीत खनिजाच्या बार्जेस रात्रीपण चालतात, लाट आडवी लागली की खाली जेवढा झोका बसतो त्याच्या दुप्पट-तिप्पट वर बसतो. झोपेत माणूस कूस बदलतो, आणि छपराला कठडा नाही.

शिवाय एक कागदाची गोष्ट. बर्थ वाढवला म्हणून बोटीवर न्यायच्या माणसांचा आकडा वाढत नाही. तो सर्टिफिकेटवर लिहिलेला असतो, स्थिरतेवरून आणि जीवरक्षक सामानावरून ठरलेला. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आल्यापासून या सगळ्याकडे जास्त लक्ष असतं, तेव्हा पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या ऑफिसात एक चक्कर मारा, ६ जणांना परवानगी आहे का ते आधी बघा, आणि बांधकामात मोठा बदल करणार असाल तर सर्व्हेअरला विचारूनच करा. जॅकेटं सहा, त्यात पोरांच्या मापाची दोन.

मांडवीकाठ | ११ ऑक्टोबर, रात्री ९.३०

कागदावर ८ आहेत, ते घेतानाच बघितलं होतं.

नाखवा_रिटायर्ड | १२ ऑक्टोबर, पहाटे ५.४०

पोरांनो, तुम्ही सगळे बिछान्याची मापं काढताय. वारा कुठून येणार ते कोणी बोललं नाही.

समुद्रात नांगरावर बोट वाऱ्याला तोंड करून उभी राहते, नाळेकडची हॅच उघडली की वारा सरळ आत. नदीत तसं नाही. नदीत ती ओढीला, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाला, तोंड करते. भरती चढत असली की नाळ समुद्राकडे, ओहोटी लागली की सहा तासांनी फिरून वरच्या अंगाला. रात्री मतलई वारा जमिनीवरून सुटतो, तो अर्धी रात्र तुमच्या पाठीमागून येणार. हॅच पुढच्या बाजूला उघडणारी असेल तर आत झोपलेल्यांना वाऱ्याचा थेंब मिळत नाही. म्हणून हॅचवर कापडाचा वारापकड लावायचा तो फिरवता येईल असा शिवून घ्या, चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, झाला.

आणि आत सहा माणसं कोंबायची कशाला? गोव्यात नोव्हेंबर ते मार्च आत कोण झोपतं? आम्ही जन्मभर फळ्यांवर झोपलो. कॉकपिट केवढं आहे?

मांडवीकाठ | १२ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

काका, कॉकपिट सात फूट लांब आणि आठ फूट रुंद. वर कॅनव्हासचं छत आहे पण बाजू उघड्या. खाली फळ्यांवर गादी टाकायचा विचार केला होता पण मधोमध इंजिनची हॅच, ती रात्री गरम असते, आणि बाबांना जमिनीवरून उठायला त्रास होतो, गुडघे.

नाखवा_रिटायर्ड | १२ ऑक्टोबर, सकाळी ८.४५

मग बाज टाका.

बिल्जपंप | १२ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

काका जिंकले. आम्ही दोन दिवस हवेत. गोरे लोक ज्याला पाइप बर्थ म्हणतात, दोन नळ्या आणि मधे ताणलेलं कापड, ती आपली बाजच. वजन आठ-दहा किलो, दिवसा गुंडाळून उभी करायची, खालून-वरून हवा, बुरशीचा प्रश्नच नाही. एक कड बोटीच्या बाजूला खाचेत बसवायची, दुसरी दोरीने छताच्या पाइपला टांगायची, दोरी कमी-जास्त करून बाज सपाट करता येते, बोट एका अंगाला कलली असली तरी.

सुताराचा_पोर | १२ ऑक्टोबर, दुपारी २.००

नळीला अॅल्युमिनियम घेणार असाल तर ३२ एमएमच्या खाली जाऊ नका, मधे वाकते. आणि स्टीलच्या खाचेत अॅल्युमिनियम थेट बसवू नका, खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडतं, मधे प्लास्टिकचं बुश घाला. स्टील ३१६, ३०४ ला आपल्या हवेत महिन्याभरात चहाचे डाग पडतात. नाहीतर साधं सांगू का, माणगा बांबू घ्या. जवळपास भरीव असतो, सिंधुदुर्गात हवा तेवढा मिळतो, वार्निशचे तीन हात मारा. तुटला तर दुसरा.

सत्तरीची_सून | १२ ऑक्टोबर, दुपारी ३.२५

मच्छरदाणी विसरू नका. खाजणाच्या (खाऱ्या दलदलीच्या) कडेला नांगर टाकलात तर दिवेलागणीला तास-दीड तास असा मार असतो की पोरं रडतात. बाजेच्या काठाला जाळी खालून खोचता आली पाहिजे. आणि डिसेंबरात पहाटे दव एवढं पडतं की छताच्या कडेने टपटप गळतं, बाजूचे पडदे गुंडाळून ठेवा, चारनंतर सोडायला लागतात.

झुआरी७२ | १२ ऑक्टोबर, रात्री १०.१५

कुंभारजुव्याच्या कालव्यात मात्र कॉकपिटात झोपू नका, मगरी आहेत 😄

बिल्जपंप | १२ ऑक्टोबर, रात्री १०.४०

हसू नका, आहेत. पण मगरीपेक्षा जनरेटर वाईट. मागे पोहण्याच्या फळीवर पेट्रोलचा छोटा जनरेटर ठेवून पंखे चालवतात आणि झोपतात. धूर मागून परत आतच ओढला जातो, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. आमच्यासोबतच्या एका बोटीवर दोघं सकाळी डोकं फुटेल असं दुखतंय म्हणून उठले, आदल्या रात्रीच्या ग्लासाला दोष देत बसले, नंतर कळलं ग्लासाला हात न लावलेल्या वहिनींचं पण दुखतंय. जनरेटर रात्री नाहीच. पंखे बॅटरीवर, १२ व्होल्टचे. आणि डिटेक्टर आत एक, झोपायच्या उंचीला. शेजारी नांगरलेल्याचा जनरेटर पण चालतो बरं का मारायला.

मांडवीकाठ | ६ जानेवारी, रात्री ९.५५

मंडळी, उशीर झाला पण अपडेट देतो.

टेबलाच्या बाजूला पट्ट्या मारल्या, ओट्याच्या कपाटाला भोक पाडलं (आमटीचं पातेलं वाचलं, कुकर गेला). तो बिछाना आता ६ फूट ३ इंच, त्यावर दोन्ही पोरं उलटसुलट मावतात. नाळेत आम्ही दोघं. कॉकपिटात दोन बाजा, आई-बाबांना, माणगा बांबूच्या. बांबू सावंतवाडीच्या पुढून आणला, गाडीच्या छपरावर बांधून, पत्रादेवीला पोलिसाने विचारलं मांडव कुठे घालताय.

पहिल्यांदा नवार (बाज विणायची पट्टी) नायलॉनची घेतली, दिसायला एकदम भारी. घरी अंगणात विणली, बाबा बसून बघितले, टणक. पहिल्या रात्री आधी मीच झोपून बघावं म्हणून रायबंदरच्या समोर, फेरीच्या वाटेतून बाजूला होऊन, नांगर टाकला. रात्री एकपर्यंत मस्त. मग दव पडायला लागलं आणि नायलॉन भिजून सैल व्हायला लागलं, माझ्या लक्षात नाही आलं, मी झोपेत. अडीचला जागा झालो तो पाठीला काहीतरी कोमट लागतंय म्हणून. बघतो तर बाज मधे एवढी खोल गेलेली की मी इंजिनच्या हॅचवर टेकलेलो, आणि बिल्जपंप म्हणाले तसं, ती अजून कोमट!

दुसऱ्या दिवशी सगळं उसवलं, पॉलिस्टरची दोन इंची नवार आणली, ती ओली झाली तरी ताणत नाही. यावेळी पायाकडे एक फूट मोकळं सोडून तिथे बाज ताणून घ्यायला दोरीचा अदवान घातला, आजोळी बाजेला असायचा तसाच. सैल झाली की चार ओढे मारायचे. नळीवाल्या फॅशनेबल बर्थला हे नसतं, मी नेटवर फोटो बघितले, सगळे आयलेट आणि स्क्रू. आणि बाजा हॅचवरून बाजूला सरकवून दोन्ही कडांना घेतल्या, मधे चालायला वाट पण झाली.

२८ डिसेंबरला निघालो. नार्व्याच्या अलीकडे थांबलो, वारा खरंच मागून आला, काकांचा फिरता वारापकड रात्रीतून दोनदा फिरवला. बार्ज एकच गेली, साडेअकराला, बाजा टांगलेल्या असल्यामुळे झुलल्या, आई म्हणाली पाळण्यात घातलंस होय रे. सकाळी डिंगीने (छोट्या होडीने) काठाला, दर्शन झालं. १६६८ मध्ये महाराजांनी जीर्णोद्धार केला ते बाबांनी पोरांना सांगितलं, तिसऱ्यांदा.

एकच तक्रार आहे. आता आत झोपायला कोणी तयार नाही. पोरांना बाज पाहिजे, बायकोला बाज पाहिजे, आणि बाबा घरच्या बाल्कनीत एक विणून दे म्हणतायत.

अर्धा_खलाशी | ६ जानेवारी, रात्री १०.१०

म्हणजे दोन जागा वाढल्या आणि चार रिकाम्या झाल्या.

सत्तरीची_सून | ७ जानेवारी, सकाळी १०.३०

कसली मस्त! बाजेची रुंदी किती ठेवलीत? आणि टांगायची दोरी छताच्या पाइपला बांधलीत तर पाइप वाकला नाही का, आमचा वाकेल असं वाटतंय.

मांडवीकाठ | ७ जानेवारी, दुपारी १.१५

ताई, लांबी ६ फूट २, रुंदी २६ इंच, बाबांचे खांदे मोजून. छताचा पाइप २५ एमएमचा होता तो थोडा वाकत होता म्हणून दोरी तिथे बांधली नाही, केबिनच्या मागच्या भिंतीला दोन आणि मागच्या कठड्याच्या खांबाला दोन अशा कड्या बसवल्या, भिंतीच्या आतून मोठे वॉशर आणि प्लायचा तुकडा टाकून. छत फक्त सावलीला. फोटो रविवारी टाकतो, आत्ता बाजेवर पोरांचं सामान आहे.

नाखवा_रिटायर्ड | ७ जानेवारी, दुपारी १.४०

अदवानाची गाठ पण दिसू दे फोटोत. ती कशी मारलीस बघायचीय.